साखरेच्या पाकातले लेझरचे पट्टे: नळी तयार, आता मोजणी

साखरेचा पाक लेझरच्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती वळवतो, म्हणजेच त्याचं वलन, हे पट्ट्यांवरून मोजायचं आहे. ६० सेंटिमीटरची नळी गळायची थांबली आणि अंधाऱ्या खोलीत हिरवे-काळे पट्टे स्वच्छ दिसू लागले.

नळी अ‍ॅक्रिलिकची, आतला व्यास ४ सेंटिमीटर. बाजूने नुसतं बघायचं असल्याने भिंत प्लास्टिकची चालते. लेझर शिरतो ते टोक मात्र काचेचंच हवं, कारण ताण राहिलेलं प्लास्टिक ध्रुवण (प्रकाशाचं एकाच दिशेतलं कंपन) तिथेच बिघडवतं. फोटोफ्रेमवाल्याकडे २ मिलिमीटर काचेचा ५ सेंटिमीटरचा चौकोन कापून मिळतो. सिलिकॉन लावण्याआधी नळीची कडा पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर पाकाच्या वजनाने जोड सुटतो.

पाकाला साखर ६५० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. मंद आचेवर विरघळवा, उकळू नका, फडक्यातून गाळून रात्रभर ठेवा. दाटपणा वरखाली असेल तर किरण वाकून तळाला टेकतो. आणि लिंबू अजिबात नको! पाक साखरू नये म्हणून स्वयंपाकघरात ते पिळतात, पण आम्लाने सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फ्रुक्टोजचं डावं वलन ग्लुकोजच्या उजव्यापेक्षा जास्त, त्यामुळे आपलं मोजमापच पुसलं जातं. मुंबईच्या उकाड्यात पातळ पाक आंबतो, तेव्हाही हेच होतं.

लेझर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला, हिरवा, ५३२ नॅनोमीटर. ५ मिलिवॉटच्या वर जाऊ नका; पलीकडच्या टोकाला काळं कापड लावा. लेझरच्या तोंडापुढे बिघडलेल्या एलसीडीची पोलरायझर फिल्म (एकाच दिशेचं कंपन पुढे सोडणारी) चिकटवली आहे. फिरवताना लेझर आणि फिल्म एकत्रच फिरवा. नुसती फिल्म फिरवली तर उजेडच कमी-जास्त होतो.

कंपन ज्या दिशेला, त्या दिशेला विखुरलेला प्रकाश जात नाही. साखरेसारखे कायरल रेणू (डाव्या-उजव्या हातासारखे, आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे) कंपनाची दिशा वळवत नेतात, म्हणून जिथे कंपन डोळ्याकडे वळतं ती प्रत्येक जागा काळी दिसते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बियोने १८१५ मध्ये द्रवांमधलं वलन पाहिलं ते टोकाला विश्लेषक (कंपनाची दिशा तपासणारा दुसरा पोलरायझर) लावून. इथे त्याची गरजच पडत नाही. पाक फारच नितळ असेल तर सुईच्या टोकाएवढं दूध पुरतं. जास्त झालं की प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो आणि पट्टे धुरकट होतात.

हिशेब असा: सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात सुक्रोजचं विशिष्ट वलन (मिलिलिटरला १ ग्रॅम असताना १० सेंटिमीटरमधलं वलन) +६६.५°, हिरव्यात साधारण ८२°. या पाकात ते दर १० सेंटिमीटरला ७०° च्या आसपास, आणि काळा पट्टा दर १८०° ला येतो, म्हणजे काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्यापर्यंत सुमारे २६ सेंटिमीटर. ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरने हेच अंतर ३९ च्या जवळ जायला हवं.

पलीकडच्या टोकाकडून पाहताना लेझर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की पट्टे लेझरकडे सरकतात. यानंतर नळीत फ्रुक्टोज भरायचं. तिथे ते उलट पळायला हवेत.