साडेआठ फुटांचे पडदे

नेदरलँड्समध्ये भाड्याचं घर ‘रिकामं’ मिळतं ते खरोखरच रिकामं. दिवे नाहीत, पडदे नाहीत, कित्येकदा पायाखाली नुसतं सिमेंट. आधीचा भाडेकरू सगळं उचलून नेतो. युट्रेक्टमध्ये आम्हाला असंच घर मिळालं, आणि बैठकीच्या खोलीला तर भिंतभर काच!

इथले लोक पडदे असूनही ते ओढत नाहीत. संध्याकाळी रस्त्याने चालताना घराघरातली जेवणं दिसतात. ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ ही जुनी कॅल्व्हिनपंथी, म्हणजे कडक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती वृत्ती त्यामागे आहे, असं सांगतात. मला ते फारसं पटत नाही. डिसेंबरात पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेचारला मावळतो. मग मिळेल तेवढा उजेड कोण अडवेल? जूनमध्ये मात्र साडेपाचच्या आतच उन्हं अंगावर येतात आणि रात्री दहापर्यंत हटत नाहीत. त्यामुळे झोपायच्या खोलीला जाड पडदा हवाच.

“लक्ष्मी रोडवरून घेऊन पाठवते की,” आई फोनवर म्हणाली. पण आपल्याकडचे तयार पडदे ५, ७ आणि ९ फुटांचे. इथल्या नव्या घरांची उंची २.६ मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट. सात फुटी पडदा घोट्यांच्या वर लोंबकळणार, नऊ फुटी जमिनीवर लोळणार. शिवाय आपले पडदे कड्यांचे, दांडीत ओवायचे. इथे छताला रेल असते आणि पडदा हुकांनी अडकवतात. बाहेर शिवून घ्यावेत, तर शिलाईचा आकडा ऐकूनच हात मशीनकडे वळतो.

सगळा हिशोब पन्ह्याचा आहे. रेल २८० सेंटिमीटर असेल, तर चुण्या नीट पडायला दुप्पट कापड लागतं, ५६० सेंटिमीटर. १४० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड घेतलं तर चार पाट, म्हणजे शेजारी-शेजारी जोडायचे चार उभे तुकडे. वरची-खालची दुमड धरून एकेक पाट २.९ मीटर, म्हणजे ११.६ मीटर कापड, वर मध्ये जोड. २८० किंवा ३०० पन्ह्याचं कापड आडवं लावलं, की पन्हाच पडद्याची उंची होते. सहा मीटरमध्ये काम भागतं आणि जोड एकही नाही. फक्त नक्षी आडवी पडत नाही ना, हे थान उलगडून बघायचं. सुती कापड आधी धुऊनच कापावं. शंभराला पाच आटलं तर २.६ मीटरमागे १३ सेंटिमीटर गेले!

कापडासाठी ब्रेडस्ट्राटवरचा लापियेसमार्क्ट. दर शनिवारी सकाळी हा कापडबाजार भरतो आणि दुपारी एकपर्यंत आवरतो. चारशेहून अधिक वर्षं तो चालू आहे. घासाघीस आपल्यासारखी चालत नाही, पण आवराआवरीच्या वेळी थानाचं शेवटचं टोक स्वस्तात हाती लागतं.

शिवायला पडदा सोपा; सरळ टीप मारता आली की झालं. काळजी घ्यायची ती उजेड अडवणाऱ्या कापडाची. त्याच्या मागच्या थराला टाचणी लागली की भोक कायमचं राहतं आणि सकाळी उन्हात चांदणं दिसतं. टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे लावा, सुई बारीक घ्या, टाका लांब ठेवा. वरच्या कडेला खिसे असलेली तयार फीत शिवायची. त्यात चार बोटांचे हुक घातले की चुण्या आपोआप पडतात. विरळ पडद्याच्या खालच्या दुमडीत शिशाची बारीक दोरी घालतात, म्हणजे तो वाऱ्याने उडत नाही. खालची दुमड मात्र लगेच शिवू नका. पडदा आठवडाभर टांगून ठेवा, कापड स्वतःच्या वजनाने ओढलं जातं, मग माप घ्या.

खोली गरम ठेवणारा रेडिएटर बहुतेक खिडकीखालीच असतो. तिथे पडदा जमिनीपर्यंत सोडला, तर सगळी ऊब पडद्यामागे काचेकडे जाते आणि गॅसचं बिल आपण भरतो. अशा खिडकीला पडदा चौकटीच्या खालच्या फळीपर्यंतच पुरे, दिसायला कितीही अर्धवट वाटला तरी.

घर सोडताना इथे पडदे पुढच्या भाडेकरूला विकण्याचीही पद्धत आहे. किंमत दोघांनी ठरवायची. मी विकणार नाही. जुन्या शहरातल्या घरांची छतं बरीच उंच असतात, म्हणून मी खालची दुमड चांगली पंधरा सेंटिमीटरची ठेवली आहे. लागली तर उसवता येईल.