झडतीतले वावर

पोळा आठवड्यावर आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गात 17 मुले आहेत आणि लोकवर्गणीतून मिळालेले 5 टॅब. श्रावण अमावास्येला बैल तोरणाखाली उभे राहिले की पोळा फुटण्याआधी आमच्याकडे झडत्या, म्हणजे ठेक्यात म्हणायच्या पारंपरिक काव्यओळी, म्हणतात. त्या बहुतेक तोंडीच चालत आलेल्या असल्याने प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक झडती ऐकून यावी आणि सर्वांनी गूगल डॉक्समधल्या एकाच दस्तऐवजात ती लिहावी, असे मी सांगितले. या वयाच्या मुलांना स्वतःचे खाते उघडता येत नाही, त्यामुळे पाचही टॅबवर शाळेचे एकच खाते होते आणि इंटरनेट माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून घेतले होते.

आपण टाइप केलेले अक्षर समोरच्या गटाच्या पडद्यावर उमटते, हे पाहून मुले इतकी हरखली की पहिली काही मिनिटे झडत्या बाजूलाच राहिल्या. मग लिखाण जोरात सुरू झाले आणि थोड्याच वेळात एक मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मॅडम, माह्या आजीची झडती कोनंतरी बदलवून टाकली."

तिच्या ओळीतल्या 'वावर' आणि 'पऱ्हाटी' या शब्दांच्या जागी आता 'शेत' आणि 'कापसाचे झाड' असे होते. तिने अनडू पुन्हा पुन्हा दाबून पाहिले होते. पण ते बटण ज्याचे त्याचे बदलच मागे घेते, दुसऱ्याने केलेले नव्हे. मी लॅपटॉपवर आवृत्ती इतिहास उघडला. जुनी आवृत्ती जशीच्या तशी परत आणली असती, तर त्यानंतर इतर गटांनी लिहिलेले सारे गेले असते, म्हणून त्या आवृत्तीतून तेवढीच ओळ उचलून मी नव्या लिखाणात परत ठेवली. बदल कोणी केला हे मात्र इतिहास सांगू शकत नव्हता, कारण प्रत्येक बदलापुढे शाळेचेच नाव होते. मीही विचारले नाही.

एक मुलगा आपणहून उभा राहिला. "मॅडम, मी केलं. थे चुकलं होतं म्हून नीट केलं. तुमीच माह्या वहीत वावर खोडून शेत लिवलं होतं."

मी त्याची निबंधाची वही मागवली. लाल शाईने, माझ्याच अक्षरात, दोन ठिकाणी 'वावर' खोडलेले होते. पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेत शिकवावे, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. ते मला मान्यही आहे, आणि तरीही त्या दोन ठिकाणी खोडताना मी क्षणभरही थांबले नव्हते. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी, याबद्दल माझे मत आजही तेच आहे. पण निबंधातला शब्द सुचवणे वेगळे आणि आजीचा शब्द चूक ठरवणे वेगळे, हे मी त्यांना कधीच सांगितले नव्हते. त्या दिवशी सर्वांसमोर ते सांगितले आणि खोडणे ही माझी चूक होती, हेही.

मग दोन्ही ओळी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायला लावल्या. 'पऱ्हाटी'ची ओळ सरळ निघाली. 'कापसाचे झाड' आले तिथे ठेका मोडला आणि टाळ्या आपोआप थांबल्या. तो मुलगाही थांबला.

दुसऱ्याच्या ओळीत हात घालायचा नाही, काही सुचवायचे असेल तर त्या ओळीवर टिप्पणी लिहायची आणि खाते एकच असल्याने खाली आपले नाव टाकायचे, असे आम्ही तेव्हाच ठरवले. पहिली टिप्पणी त्याच मुलाने लिहिली: "शाळेत याला शेत म्हणतात." त्याखाली तिने उत्तर दिले: "आजी वावरच म्हणते." दोन्ही टिप्पण्या मी तशाच राहू दिल्या आहेत.