केळीची गाडी आणि धुक्याची रात्र : आमची वाटचाल

अर्धापूरच्या केळीवर आमचा धंदा उभा राहिला. त्याआधी वडिलांची एकच दहाचाकी होती, ती नांदेडच्या मोंढ्यातून हळद आणि सोयाबीन भरून जायची. मी हाताशी आल्यावर दुसरी गाडी काढली आणि केळीला लागलो. आज पाच गाड्या आहेत. गाड्या कशा वाढल्या ती कथा सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांची सारखीच असते, फायनान्स, हप्ते, टायर. ती सोडून देतो. हिवाळ्यात उत्तरेकडे गाडी कशी घालायची, ते मात्र आम्हाला सावकाश कळलं.

हळदीचं पोतं दोन दिवस उशिरा पोचलं तर कुणी फोनही करत नाही. केळीचं तसं नाही. कच्ची केळी १३ अंशांच्या खाली फार वेळ राहिली की साल काळपट पडते आणि पुढे पिकवायला ठेवली तरी नीट पिवळी होत नाही. परभणीला पारा ५ अंशांखाली गेला की आपल्याकडे पेपरात शेकोटीचे फोटो येतात. ग्वाल्हेर-आग्र्याकडे जानेवारीत अशा रात्री लागोपाठ येतात. म्हणून हौद्यात खाली आणि कडेनं केळीचा वाळला पाला, वर दुहेरी ताडपत्री. पण नागपूरपर्यंत दिवसा मागची ताडपत्री थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर माल आतल्या आत गरम होऊन वाटेतच पिकायला लागतो.

मग ड्रायव्हर पळवणारच. नांदेड ते दिल्ली सुमारे १४०० किलोमीटर. यवतमाळ, वर्धा, नागपूर, पुढे ४४ नंबरचा हायवे. सागरपर्यंत गाडी बरी चालते, झाशी सोडली की खरं धुकं सुरू होतं.

नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी ड्रायव्हरांचं येणं-जाणं कायम. त्यातले एक सरदारजी आमच्याकडे बरीच वर्षं होते. आमची पोरं धुकं दिसलं की अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा दिवा, मारायची. सरदारजी म्हणायचे, डिपरवर, खाली पडणाऱ्या उजेडावर चल. अप्परचा उजेड धुक्यातल्या थेंबांवर आपटून तुझ्याच डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. काच खाली, टेप बंद, कान बाहेर. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून जाऊ नको, तो खड्ड्यात गेला तर तूही जाशील. आणि थांबायचं तर पंपावर नाहीतर ढाब्याच्या आत. रस्त्याच्या कडेला दिवे लावून उभी असलेली गाडी मागच्याला चालती वाटते, तो तिच्यामागे लागतो आणि येऊन धडकतो.

हिशेब मी ऑफिसात बसून केला. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, ब्रेकची हवा चाकापर्यंत पोचायला वरून साधारण अर्धा. म्हणजे ब्रेक लागायच्या आत पंचवीस मीटर गेले, आणि दिसतंय वीस मीटर. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात जड वाहनांची मर्यादा ६० वर आणतात. दाट धुक्यात मला तीही जास्त वाटते.

आता हे गणित ड्रायव्हरला शिकवून काय उपयोग, जर गाडी वेळेत लागली तरच त्याला इनाम आणि उशीर झाला तर व्यापारी भाडं कापणार? एका व्यापाऱ्यानं सलग दोन हिवाळे कापलं. तेव्हापासून आम्ही बिल्टीवरच, म्हणजे मालाच्या पावतीवरच, लिहून देतो : १५ डिसेंबर ते जानेवारीअखेर झाशीच्या पुढे रात्री १२ ते सकाळी ८ गाडी चालणार नाही, दाट धुकं असेल तर उजाडूनही नाही, त्या उशिराची कपात नाही. थांबलेल्या रात्रीचा मुक्काम भत्ता ड्रायव्हरला आम्ही देतो, वेळेचं इनाम त्या दिवसांत बंद. ड्रायव्हर व्हॉट्सअ‍ॅपवर धुक्याचा फोटो टाकतो. फोटोत काहीच दिसत नाही, तोच पुरावा.

बाकी रोजची कामं साधी. हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची, कारण थंडीत दाब उतरतो. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं. मागच्या दिव्यांवरचा चिखल किन्नरानं, म्हणजे क्लीनरनं, प्रत्येक थांब्याला पुसायचा.

घरचा हिवाळाही सोपा नाही. उसाचा हंगाम लागला की अर्धापूर-वसमतच्या बाजूला रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे एक दिवा नाही, ऊस दोन्हीकडे बाहेर आलेला. आम्ही रेडियमच्या पट्ट्यांचे रोल आणून चहाच्या टपरीवर ट्रॅक्टरवाल्यांना लावून देतो. पाच मिनिटांचं काम, कुणी नाही म्हणत नाही.

जम्मूपर्यंत आम्ही जातो, डिसेंबरनंतर त्याच्या पुढे नाही. रामबन-बनिहालकडे सावलीतल्या वळणावर बर्फाचा पातळ थर डांबरासारखाच दिसतो. चाकांना साखळ्या बांधायची सवय आमच्या पोरांना नाही आणि ती भरल्या गाडीवर शिकवायची नसते. शिवाय नांदेडला भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं दाटतं, बीएस-६ गाडीत धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी उणे ११ ला गोठतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये वेगळं डिझेल काढलं ते याचसाठी.

दिल्लीच्या आझादपूर मंडीतले आमचे बहुतेक व्यापारी धुक्याच्या अटीवर आता सही करतात. जम्मूच्या नरवाल मंडीतला एक जण अजून करत नाही. त्याची केळी हिवाळ्यात दुसऱ्या गाडीनं जाते, मार्चपासून परत आमच्या.