तुम्ही विचारलंत म्हणून: घरून सोडलं कसं?

सांगलीला परत येऊन राहिले त्याला आता दहा वर्षं होतील. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक फ्रेम आहे आणि तिच्यात तळहाताएवढा गोल कापडी बिल्ला. मधे मिटलेली मूठ, भोवती 'कीप द फेथ' अशी अक्षरं, खाली विगन कॅसिनो, इंग्लंडमधल्या एका नाचघराचं नाव. घरी येणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारतो. कॅसिनो म्हटलं की आधी जुगार डोळ्यांपुढे येतो. मग मी सांगते, तिथं जुगार नव्हता आणि आमच्या रात्रभराच्या नाचात दारूही मिळत नसे. शनिवारी मध्यरात्र उलटली की दारं उघडायची आणि रविवारी सकाळी आठ वाजेपर्यंत आम्ही नाचायचो. यावर परवा भाचीच्या मैत्रिणीनं जे विचारलं, तेच सगळे विचारतात. "काकू, १९७७ साली? सतरा वर्षांची मुलगी, रात्रभर? घरून सोडलं कसं?"

नीट उत्तर द्यायचं तर सुरुवात बाबांपासून करायला हवी.

बाबा मिरजेचे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टर कमी पडत होते, तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ जण तिकडे गेले. १९६७ साली आम्हीही गेलो. मी सात वर्षांची होते. लँकेशरमधलं, बोल्टनजवळचं गाव, गिरण्यांच्या धुरानं काळवंडलेल्या विटांचं. बाबा कॅज्युअल्टीत होते. शनिवारची रात्र म्हणजे त्यांच्या भाषेत टाक्यांची रात्र. पब बंद झाले की फुटलेल्या बाटल्या आणि फाटलेल्या भुवया त्यांच्यापुढे यायच्या. पुढे पुढे टाके घालून घ्यायला आलेला माणूस कधी कधी आपल्यातला असायचा, रस्त्यात गाठून मारलेला. बाबा ते घरी सांगत नसत. आई त्यांचे शर्ट भिजत घालायची, पण डाग कुणाच्या रक्ताचा म्हणून विचारायची नाही.

घरात एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बाबा शॉर्टवेव्हवर दिल्ली पकडायला बसायचे. बराच वेळ खरखर, मग दोन मिनिटं सनई, पुन्हा खरखर. त्या दोन मिनिटांसाठी ते तासभर बसत. ते झोपले की काटा मी मीडियमवेव्हवर न्यायची, २०८ मीटरवर, रेडिओ लक्झेंबर्गकडे. हे स्टेशन अंधार पडल्यावरच नीट लागायचं आणि तेही लाटेसारखं. गाणं अगदी कानाशी यायचं आणि ऐन धृपदाला कुठंतरी लांब निघून जायचं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी मी पहिल्यांदा तिथं ऐकली, रेडिओच्या जाळीला कान लावून. पियानो, भरदार बेस आणि प्रत्येक ठोक्याला खंजिरी. होय, खंजिरीच. सांगलीत आजीच्या भजनी मंडळात होती तशी. डेट्रॉइट कुठं आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण ते वाद्य माझ्या ओळखीचं होतं.

१९७४ मध्ये मँचेस्टरला पिकॅडिली रेडिओ सुरू झाला. तिथं अँडी पीबल्स सोलचा कार्यक्रम करायचे. आवाज न हलता, न हरवता, स्वच्छ ऐकू यायचा. गृहपाठाच्या वहीत मागच्या पानांवर मी गायकांची नावं लिहून ठेवायची.

सोल म्हणजे काय, हेही विचारतात, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं चर्चमधलं गाणं आणि नाचघरातलं गाणं एकमेकांत मिसळलं, त्यातून सोल झालं. देवासाठी असलेला आर्त सूर तिथं माणसासाठी लागला. आपल्या विराणीत वाट उलटी आहे, माणसाची ओढ घेऊन ती देवाकडे जाते. म्हणूनच मला हे गाणं कधी परकं वाटलं नाही असं वाटतं. हे मात्र मी फार पुढे, पन्नाशीत ओळखलं.

आता विगन. कोळशाच्या खाणी आणि कापसाच्या गिरण्या यांचं हे गाव. तिथल्या एम्प्रेस बॉलरूमच्या जुन्या इमारतीत २३ सप्टेंबर १९७३ ला रात्रभराचा पहिला सोल नाच झाला. तबकड्या लावणारे होते रस विन्स्टॅन्ली. त्याआधी मँचेस्टरचं ट्विस्टेड व्हील आणि स्टोकचं गोल्डन टॉर्च ही ठिकाणं होऊन गेली होती. या सगळ्याला 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिलं डेव्ह गोडिन यांनी. लंडनमध्ये त्यांचं रेकॉर्डचं दुकान होतं. उत्तरेकडची पोरं फुटबॉलच्या सामन्यांना लंडनला आली की दुकानात येऊन जुन्या जलद ठेक्याचीच गाणी मागायची. अमेरिकेत तोवर ठेका बदलला होता, सगळे फंक या नव्या प्रकाराकडे वळले होते. या पोरांना मात्र १९६५-६६ चंच गाणं हवं होतं. ते वेगळं ओळखता यावं म्हणून दुकानातल्या माणसांना सांगितलेली ही खुणेची संज्ञा. १९७० मध्ये गोडिन यांनी ती आपल्या लेखात वापरली आणि ती रूढ झाली.

इथं थोडं थांबते, कारण मला ज्याबद्दल बोलायचंय ते इथंच आहे. विगनमध्ये वाजायची ती गाणी तिकडे गाजलेली नव्हती, पडलेली होती. डेट्रॉइट आणि शिकागोत शेकडो छोट्या कंपन्यांनी मोटाउनसारखं गाणं करायचा प्रयत्न केला. गाणारे चांगले, वाजवणारे उत्तम, पण तबकडी विकली गेली नाही. गायक परत कारखान्यात कामाला गेला आणि खोकी गोदामात पडून राहिली. आठ-दहा वर्षांनी लँकेशरच्या माणसांनी अमेरिकेत जाऊन ती खोकी उपसली. एखादं गाणं हाती लागलं की डीजे तबकडीवरचं नाव झाकून टाकायचे आणि भलत्याच गायकाचं नाव सांगायचे. दुसऱ्या कुणाला ती तबकडी शोधता येऊ नये म्हणून. फ्रँक विल्सन यांचं 'डू आय लव्ह यू' हे १९६५ चं गाणं विगनला असंच दुसऱ्याच्या नावानं वाजत होतं. मोटाउननं त्याच्या थोड्या प्रती काढल्या आणि बहुतेक नष्ट केल्या. विल्सन गायक न होता निर्माता म्हणून राहिले. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. किंमत सोडा. ज्या गाण्याला त्याच्या घरच्यांनी टाकलं, त्याच्यावर हजार माणसं एका लयीत टाळ्या देत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बस थांब्यावर ज्या मुलीला रोज 'परत जा' ऐकायला मिळायचं, तिला त्या खोलीत काय वाटलं असेल ते तुम्ही समजून घ्या.

मला तिथं नेलं शाळेतल्या मैत्रिणीनं. तिचा थोरला भाऊ सूतगिरणीत कामाला होता आणि कॅसिनोतच टेप केलेल्या कॅसेट घरी आणायचा. गाण्यांच्या मागं लोकांच्या टाळ्या आणि चपलांची घसट ऐकू यायची. महिनाभर मी ती कॅसेट ऐकली आणि मग बाबांना सरळ विचारलं. चोरून जायचं धाडस माझ्यात नव्हतं आणि इच्छाही नव्हती.

बाबांनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग एका शनिवारी रात्री त्यांची पाळी नव्हती. "चल, मी बघून येतो," म्हणाले. आईला धक्काच बसला. आम्ही गाडीनं विगनला गेलो. स्टेशन रोडवर रांग लागली होती. प्रत्येकाच्या खांद्याला बॅग, बॅगेत टॉवेल आणि बदलायचे कपडे, बॅगेवर शिवलेले बिल्ले. बाबा फुटपाथवर वीस मिनिटं नुसते बघत उभे राहिले. दारावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, आत दारू मिळते का? नाही म्हणाला. मारामारी? तो हसला, म्हणाला, नाचून पाय उचलत नाहीत त्यांचे, मारामारी कसली करतायत. बाबा गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "शनिवारी रात्री मी जी पोरं शिवतो, त्यातलं इथं कुणी दिसत नाही."

हे झालं अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं सांगायला अवघड आहे, पण लपवणार नाही. तिथं गोळ्या होत्या. रात्रभर जागायला, नाचायला अनेक जण अ‍ॅम्फेटामिन घ्यायचे. त्यातले काही पुढं वाया गेले, काही गेलेच. माझ्या मैत्रिणीचा भाऊही त्यातून सहज बाहेर आला नाही. बाबा डॉक्टर होते, त्यांना हे सगळं माहीत होतं. त्यांनी मला जाऊ दिलं ते एका अटीवर. रविवारी सकाळी घरी आले की आधी त्यांच्यासमोर बसायचं. ते खिशातला पेनटॉर्च काढायचे आणि माझ्या डोळ्यांत उजेड टाकायचे. बाहुल्या आकसतात की नाही ते बघायचे. गोळी घेतली असली की बाहुली मोठी राहते. त्यांनी ओरडून, धमकावून काही सांगितलं नाही. दोन्ही डोळे बघायचे, टॉर्च खिशात ठेवायचे. चार वर्षं, मी गेले त्या प्रत्येक रविवारी. मीही ते कधी अपमानाचं मानलं नाही. त्या टॉर्चची मला सवय झाली होती. कुणी खिशातून पुडी पुढं केली की डोळ्यांपुढं तो उजेडच यायचा.

आईनं स्कर्ट शिवला. आपल्याकडे अंब्रेला कट म्हणतात तसा, पूर्ण घेराचा, गिरकी घेतली की ताटासारखा उघडणारा. काळ्या पॉपलीनचा. बिल्लाही तिनंच बॅगेवर टाचला. मूठ कशासाठी, तिनं विचारलं. ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याची खूण, आमच्याकडे ती सोलवाल्यांची झाली, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग पक्का टाचते," आणि दुहेरी दोरा घेतला.

आत गेल्यावर पहिला लागायचा तो दमटपणा. छतावरून घामाचं पाणी ठिबकायचं. लाकडी फरशीवर टाल्कम पावडर टाकलेली, पाय सरकावा म्हणून. कॅरमबोर्डवर आपण बोरिक पावडर टाकतो ना, तसंच, फक्त सोंगटी आपण स्वतः. पोरं गिरक्या घ्यायची, मागं पडायची, हातांवर तोलून पुन्हा उभी राहायची. जोडीनं नाच नव्हता. प्रत्येक जण आपापला नाचायचा, पण टाळी मात्र सगळ्यांची एकाच ठिकाणी पडायची, कुणी न सांगता. समेवर मान हलावी तशी.

तिथं आमच्यासारखे फार थोडे होतो. काळे, तपकिरी मिळून बोटांवर मोजण्याइतके. आत मला कुणी कधी टोकलं नाही. डेट्रॉइटच्या एकेका गायकाची जन्मकुंडली पाठ असलेला एक मुलगा होता. मला तबकड्यांबद्दल त्यानं खूप शिकवलं. एका बुधवारी तो गावात मित्रांबरोबर दिसला. त्याचे मित्र माझ्याकडे बघून नेहमीचं ओरडले. तो ओरडला नाही, पण मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या शनिवारी आम्ही बोललो, नाचलो, त्या बुधवारचा विषय दोघांनीही काढला नाही. तो काढायला हवा होता, असं आज वाटतं. गाण्यानं माणसं बदलतात असं मी म्हणूनच सरसकट म्हणत नाही. गाण्यानं मला आठवड्यातले सहा-सात तास दिले. तेवढे खरे होते.

सकाळी आठच्या आधी शेवटची तीन गाणी ठरलेली असायची. टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ, डीन पॅरिश यांची. ती संपली की दिवे लागायचे आणि आम्ही थंडीत बाहेर यायचो, अंगातून वाफा निघत असायच्या. घरी पोचेपर्यंत बीबीसीवर आपल्या लोकांसाठी लागणारा 'नई जिंदगी नया जीवन' हा रविवारचा कार्यक्रम चालू असायचा. बाबा खुर्चीत, टीव्हीवर कुणीतरी गझल म्हणतंय, आणि मी समोर पाटासारख्या बुटक्या स्टुलावर, डोळे उघडे ठेवून.

कॅसिनो बंद झालं ६ डिसेंबर १९८१ ला, रविवारीच. मी तेव्हा लिव्हरपूलला शिकत होते, त्यासाठी घरी आले. ती तीन गाणी पुन्हा पुन्हा लावली, तरी कुणी बाहेर पडेना. लोक रडत फरशीवर बसून होते. शेवटी विन्स्टॅन्लींनी फ्रँक विल्सन लावलं, त्याच्या खऱ्या नावाचं ते गाणं. पुढच्या वर्षी इमारतीला आग लागली, १९८३ मध्ये ती पाडली. आता तिथं मॉल आहे.

त्या सकाळी घरी आले. एकवीस वर्षांची होते, मला तपासायचं खरं तर काही कारण उरलं नव्हतं. तरी सवयीनं स्टुलावर बसले. बाबांनीही सवयीनं टॉर्च काढला. उजवा डोळा, डावा डोळा. मग टॉर्च तसाच धरून थोडा वेळ बघत राहिले.

"बाहुल्या ठीक आहेत," म्हणाले. "लाल कशानं झालेत?"

मी सांगितलं, बंद झालं ते.

त्यांनी टॉर्च विझवला, टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "शेवटचं कुठलं लावलं?"