मग दारू बंदच का करत नाहीत?

दिवाळीला ॲडलेडला आले की कुणीतरी विचारतंच. "तू तिकडे नॉर्दर्न टेरिटरीत, ॲलिस स्प्रिंग्जला नर्स ना? त्या लोकांना सरकार एवढं देतं, तरी पितात. मग दारू बंदच का करून टाकत नाहीत?" अकरा वर्षं "अवघड आहे गं" म्हणत ताटलीतले शंकरपाळे खात राहिले. यंदाही विचारलंत, म्हणून लिहिते.

आधी 'त्या लोकां'बद्दल. दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचं प्रमाण ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांत इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त आहे. जे पितात, त्यांच्यातले बरेच जण जिवावर बेतेल इतकं पितात, हेही खरं. त्यांच्या जखमा मीच शिवायला घेते, त्यामुळे ते मला कुणी सांगायला नको. पण एका घरात तीन-चार कुटुंबं कोंबलेली असली की माणूस नदीच्या कोरड्या पात्रात बसून पितो आणि सगळ्यांना दिसतो. सोफ्यावर बसून पिणारा दिसत नाही.

आणि बंदी? नॉर्दर्न टेरिटरीत १९६४ पर्यंत यांच्यातल्या बहुतेकांना दारू पिणं हाच गुन्हा होता. २००७ मध्ये केंद्र सरकारने लष्कर पाठवलं, वस्त्यांच्या वेशीवर दारूबंदीचे फलक ठोकले, सरकारी भत्त्यातली निम्मी रक्कम कशावर खर्च करायची तेही ठरवून दिलं. त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

मी गडचिरोलीची. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, त्याआधीच्या मोर्चांना माझी आई जायची. त्यामुळे इथे आल्यावर दारूच्या दुकानाच्या दारात पोलीस उभा पाहिला, तेव्हा मला बरंच वाटलं. टाउन कॅम्पात, म्हणजे शहरातल्या ॲबोरिजिनल वस्त्यांत, आणि रस्त्यावर प्यायला मनाई, म्हणून तो विचारणार: राहता कुठे, पिणार कुठे? उत्तर पटलं नाही तर बाटली नाही. ठीकच आहे, असं मी घरी फोनवर सांगितल्याचंही आठवतं.

मग काही वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. ड्यूटी संपवून वाइन घ्यायला गेले, पाहुणे यायचे होते. माझ्या पुढे आमच्या वॉर्डातली आंटी. इथल्याच अरांडा या ॲबोरिजिनल समाजातली आहे, पेशंट आणि डॉक्टर यांच्यामधला दुवा तीच. तिच्याशिवाय आमची अर्धी कामं अडतात. अंगावर हॉस्पिटलचाच शर्ट होता. पोलिसाने तिला थांबवलं. ओळखपत्र दाखव. पत्ता सांग. कुणासाठी? मुलीचा एकविसावा वाढदिवस. किती माणसं येणार? त्यांतले कॅम्पातून किती येणार? ती एकेका प्रश्नाचं सावकाश, खालच्या आवाजात उत्तर देत होती. रांगेतले लोक इकडेतिकडे बघत होते. मी फोन काढला आणि उगाच जुने मेसेज वाचत बसले. मग पोलिसाने हाताने तिला बाजूला केलं, मला म्हणाला, "या, तुम्ही जा आत." मी गेले. तिच्याकडे न बघता गेले. वाइन घेऊन बाहेर आले, तरी ती तिथेच उभी होती.

सोमवारी ती नेहमीसारखी बोलली. गुरुवारी चहाच्या वेळी मीच विषय काढला, फार वाईट वाटलं म्हणाले. ती म्हणाली, "'ही आमच्याकडे काम करते', एवढंच म्हणायचं होतंस." मी काहीतरी सारवासारव केली. कप विसळता विसळता ती म्हणाली, "आणि तो पोलीस तिथून जावा असंही मला वाटत नाही. माझ्या बहिणीचा हात दोनदा मोडलाय."

जुलै २०२२ मध्ये वस्त्यांवरच्या दारूबंदीच्या कायद्याची मुदत संपली, बऱ्याच वस्त्यांवरची बंदी उठली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती परत आली. त्या मधल्या महिन्यांतल्या रात्री मी कॅज्युअल्टीत होते. त्यामुळे बंदी म्हणजे निव्वळ वंशभेद, असं मला कुणी सांगू नये.

मी स्वतःला समजावते की बंदी मागितली कुणी, यावर सगळं आहे. युएंडुमू या वस्तीतल्या वार्लपिरी समाजाच्या वडीलधाऱ्यांनी १९९४ पासून नशेसाठी पेट्रोल हुंगणारी पोरं माउंट थिओ या आडजागी, पेट्रोलपासून लांब नेऊन सांभाळली. पश्चिम ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंगला जून ऑस्कर, एमिली कार्टर या बायकांनी २००७ मध्ये, आपल्याकडे बाटली आडवी करतात तशी, हलकी बिअर सोडून दुकानातून घरी न्यायची बाकी सगळी दारू थांबवायला लावली. पोटातल्या बाळांना दारूने होणारं नुकसान मोजा, हेही त्यांनीच सांगितलं. हे उदाहरण मी हल्ली सगळ्यांना देते. पण गावातले लोक त्यांच्यावरही चिडलेच होते. सगळ्यांची संमती मिळेपर्यंत थांबायचं, तर तोवर आंटीच्या बहिणीने काय करायचं? आणि थांबायचं नाही, तर आंटीला रांगेतून बाजूला काढणाऱ्या पोलिसाला मी काय म्हणू?

आता दारात कुणाला अडवलं तर मी आत जात नाही, शेजारी उभी राहते. ओळखीचं माणूस असेल तर तसं सांगते. मला मात्र अजून कुणीही पत्ता विचारलेला नाही.