ग्रिप मोजली, पण काम विचारलंच नाही

भोसरी एमआयडीसीजवळ फिजिओथेरपी करते मी, बरीच वर्षं झाली. माझ्याकडे हाताचे पेशंट खूप येतात. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये बोट गेलेलं, पत्र्याच्या कडेने टेंडन, म्हणजे बोट हलवणारी दोरी, कापलेलं, ग्राइंडरची जखम. कॉलेजमध्ये आम्हाला हात शिकवला, चांगला शिकवला, पण हा हात उद्या सकाळी शिफ्टला जाऊन नेमकं काय करणारे हे कुणी शिकवलं नाही, आणि त्याची किंमत माझ्या एका पेशंटने मोजली.

चोविसेक वर्षांचा मुलगा, ठेकेदाराकडे प्रेस ऑपरेटर. उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं टेंडन कापलेलं, ऑपरेशन छान झालेलं. स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी), हळूहळू हालचाल, मग ताकद, सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलं, बारा आठवडे जड पकड नाही म्हणजे नाही. शेवटी दवाखान्यातल्या मशिनवर ग्रिप, म्हणजे मुठीची ताकद, मोजली तर डाव्या हाताच्या बऱ्यापैकी जवळ आलेली, मी खूश! डॉक्टरांना रिपोर्ट दिला आणि सर्टिफिकेटवर आलं, 'फिट, लाइट ड्यूटी'.

सोमवारी तो कामावर गेला आणि गुरुवारी परत माझ्यासमोर बसलेला. म्हणाला, मॅडम, लाइट ड्यूटी म्हणजे काय ते तिथे कुणालाच माहीत नाही, मला त्याच प्रेसवर बसवलं, तेलकट पीस चिमटीत टिकेचना, दोनदा निसटला तर सुपरवायझर म्हणाला पूर्ण बरा होऊन ये. ठेकेदाराने त्याला परत बोलावलंच नाही.

मी मूठ मोजत होते आणि त्याचं काम होतं चिमटीचं. एवढी साधी गोष्ट. पहिल्याच दिवशी 'दिवसभर हाताने काय काय करतोस, करून दाखव' असं विचारलं असतं तर शेवटचे चार आठवडे मी पूर्ण वेगळे घेतले असते, तेल लावलेले पत्र्याचे तुकडे, हातमोजे घालून, दोनशे-तीनशे वेळा.

त्यानंतर मी शिकायला लागले. हँड थेरपीचे कोर्स केले, एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंकडे रविवारी जाऊन बसले. डॉक्टरांसाठी सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये एएफआयएच नावाचा 3 महिन्यांचा कोर्स असतो, कारखान्यातल्या आरोग्याचा, पण त्याला एमबीबीएस लागतं, आम्ही फिजिओ त्यात बसत नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका वर्कशॉपच्या मालकाने दोन तास फ्लोअरवर उभं राहू दिलं त्याने. प्रेस पडते तेव्हा पायाखालची जमीन हलते हो. त्या दिवशी कळलं की बोट गेलेला माणूस दवाखान्यात दार आपटलं तरी दचकतो ते का. त्याची भीती हासुद्धा माझ्याच ट्रीटमेंटचा भाग आहे. आता पेशंट परत जायच्या आधी मी त्याला विचारते, मशिनचा आवाज आठवला की काय होतं, आणि बरेच जण बोलताना रडतात.

आणि पैशाचं. आम्हाला वाटतं हा आपला विषय नाही, पण पेशंट आम्हालाच विचारतो, 'मॅडम, किती टक्के लागतील?' म्हणजे नुकसानभरपाईसाठी कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरतील. तर कायद्यातला तक्ता माहीत असायला हवा. पूर्ण अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. काही जण व्यायाम मुद्दाम कमी करतात, हात सुधारला तर टक्के कमी होतील या भीतीने. त्यांना मी स्पष्ट सांगते की गेलेल्या बोटाचे टक्के तक्त्यात ठरलेले आहेत, बाकीची बोटं छान चालायला लागली म्हणून ते घटत नाहीत. बोट आहे पण आखडलंय, तिथे मात्र डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड तपासून ठरवतं, तेही सांगते, लपवत नाही. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, कामावरच्या अपघातासाठी रजेच्या काळात सरासरी मजुरीच्या 90 टक्के मिळतात, आणि त्यासाठी आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही, नोकरीच्या पहिल्या दिवशी लागलं तरी. हे कितीतरी मुलांना माहीतच नसतं, म्हणून अपघाताची नोंद झाली का हे मी आता पहिल्याच भेटीत विचारते, स्प्लिंट करायच्याही आधी.

'लाइट ड्यूटी' हा शब्द मी माझ्या रिपोर्टमधून काढून टाकलाय. आता लिहिते: उजव्या हाताने 2 किलोपर्यंत उचलेल, तेलकट बारीक पीस अजून 3 आठवडे नको, पॅकिंग आणि तपासणीचं काम आजपासून चालेल, दर तासाला 5 मिनिटं हात मोकळा करू द्या. सुपरवायझरला वाचून कळेल असं, मराठीत. दोन सुपरवायझरांनी तर फोन करून विचारलं की मग चौथ्या आठवड्यात काय देऊ याला, इतकं बरं वाटलं मला!

महिन्यातून एका शनिवारी आसपासचे चार-पाच फिजिओ आणि इंटर्न मुली माझ्याकडे जमतात, प्रत्येकीने एक पेशंट आणायचा आणि आधी त्याचं काम करून दाखवायचं, एक्स-रे मग बघायचा. या शनिवारी एकजण वेल्डर आणतेय, खांद्याचा, तर मी कालच त्याच्या हेल्मेटचं आणि टॉर्चचं वजन करून ठेवायला सांगितलंय तिला.