नजर टेकवायला जागा

खोली न घेता एखाद्या बड्या हॉटेलच्या बारमध्ये जाऊन बसणं ही जराशी चोरटी मजा आहे. दारावरचा माणूस अदबीने दार उघडतो आणि आपण जणू आत्ताच सातव्या मजल्यावरून खाली आलोय अशा थाटात लॉबी पार करतो. मला आजवर कुणीही अडवलेलं नाही. तरी दर वेळी छातीत थोडं धडधडतंच.

एरवी कुठल्याही बारमध्ये एकटा माणूस दिसला की लोक दोनच तर्क करतात: हा कुणाची तरी वाट बघतोय, नाहीतर कुणीतरी ह्याची वाट लावलीय. हॉटेलच्या बारमध्ये ही चौकशी नाही. तिथे सगळेच परगावचे. कुणाचं विमान पहाटेचं, कुणाची बैठक लांबलेली, कुणाला नुसती झोप येत नाही. एकटं बसणं हीच तिथली रीत.

म्हणून अशा बारची माझी परीक्षा एकच. एकट्या माणसाला नजर टेकवायला जागा आहे का? मखमली सोफे आणि मंद दिवे काय, पैसे टाकले की कुठेही येतात. भिंतीवर नजर ओढून घेणारा टीव्ही चालू असेल तर तो बार माझ्या लेखी तिथेच नापास.

ह्या परीक्षेत न्यूयॉर्कच्या कार्लाइल हॉटेलातला बेमेलमन्स बार पैकीच्या पैकी गुण घेतो. त्याच्या भिंती लुडविग बेमेलमन्स ह्या चित्रकाराने १९४०च्या दशकात रंगवल्या. सेंट्रल पार्कचे ऋतू, आणि त्यात सहलीला आलेले ससे! मोबदला म्हणून त्याने पैसे घेतलेच नाहीत. बायकोमुलीसह दीडेक वर्ष हॉटेलातच बिऱ्हाड केलं. न्यूयॉर्कमधलं घरभाडं बघता माणूस हिशेबाला पक्का होता असं म्हणावं लागेल.

त्याच शहरात सेंट रेजिस हॉटेलच्या किंग कोल बारमध्ये मॅक्सफील्ड पॅरिशने १९०६ साली काढलेलं भलंमोठं चित्र आहे. मधोमध राजा, आजूबाजूला दरबारी, आणि सगळ्यांचे चेहरे काहीसे अवघडलेले. राजाने भर दरबारात हळूच वारा सोडलाय, अशी त्यामागची दंतकथा. खरंखोटं पॅरिशलाच ठाऊक, पण ती कळल्यावर चित्रावरून नजर हलत नाही.

कधी बघायला चित्र नसतं, माणूस असतो. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातल्या अमेरिकन बारमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्य बारटेंडर एक बाई होती, एडा कोलमन. एका दमलेल्या नटाला तरतरी यावी म्हणून तिने जिन, व्हर्मूथ ही गोड मसालेदार वाइन आणि फर्नेट हे कडू मद्य एकत्र करून ‘हँकी पँकी’ नावाचं कॉकटेल केलं, ते आजही मिळतं. त्याच शहरातल्या ड्यूक्स हॉटेलच्या बारमध्ये मार्टिनी ह्या कॉकटेलसाठी गारठवलेली जिन तुमच्या टेबलाशी येऊन ओततात आणि दोन मार्टिनींनंतर तिसरी देत नाहीत. गिऱ्हाईकाला नाही म्हणण्याची ही ऐट मला झुंबरांपेक्षा जास्त आवडते.

टोकियोच्या पार्क हयात हॉटेलात बार ५२व्या मजल्यावर आहे. तिथे नजर टेकवायला अख्खं शहर. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातल्या लाँग बारमध्ये शेंगा खाऊन टरफलं खुशाल जमिनीवर टाकायची. इतक्या टापटिपीच्या शहरात पायाखाली ती कुरकुर ऐकताना उगाच काहीतरी गुन्हा केल्याचं सुख मिळत असणार.

आणि न्यू ऑर्लिन्सच्या माँटेलिऑन हॉटेलात तर १९४९पासून बारच फिरतो. जत्रेतल्या चक्रासारखा सजवलेला, २५ खुर्च्यांचा, पंधरा मिनिटांत एक फेरी. इतका हळू की पहिल्या घोटाला कळतही नाही. जरा हात धुऊन यावं, तर आपली खुर्ची ग्लासासकट पुढे निघून गेलेली, आणि जिथे आपण बसलो होतो तिथे कुणी अनोळखी माणूस निवांत काहीतरी चघळतोय.